परीक्षेपलीकडचे पुस्तक

(जर्सी सिटी येथे भरलेल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





संयोजकांनी वाचन हा विषय दिला, तेव्हा प्रथम वाटले की, या सभागृहात त्याचे प्रयोजन काय? ज्या समाजाने ग्रंथांच्या बळावर दास्याच्या बेड्या तोडल्या, त्याला वाचनाचे महत्त्व सांगणारे आम्ही कोण? दर ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर जो जनसागर लोटतो, त्याच्या परतीच्या पिशव्यांत काय असते ते आपण पाहिले आहे. खिशात मोजके पैसे असलेला, उघड्या मैदानावर रात्र काढणारा मनुष्य जाताना चार पुस्तके घेऊन जातो. तेव्हा महत्त्वाची चर्चा नको. आम्हांला बोलायचे आहे ते वाचनातल्या सुखाविषयी. कोणी सांगितलेले नाही, कोणी विचारणार नाही, गुण मिळणार नाहीत, तरीही पुस्तक उघडावे आणि जेवणाची हाक कानावर पडू नये, अशा वाचनाविषयी. या वाचनाबाबत आपल्या समाजाच्या मनात एक अवघडलेपण आहे, आणि परदेशी स्थिरावल्यानंतर तरी त्याचा विचार करणे अगत्याचे वाटते.

आपल्या घरांत पुस्तक कसे आले ते आठवून पाहावे. ते पाठ्यपुस्तक म्हणून आले. वरच्या वर्गातल्या मुलाकडून अर्ध्या किमतीत घेतलेले, वर्तमानपत्राचे वेष्टण घातलेले, वर्ष संपताच धाकट्याकडे जाणारे. त्यातून मॅट्रिक झाली, शिष्यवृत्ती मिळाली, अभियांत्रिकीचा किंवा वैद्यकीचा प्रवेश मिळाला आणि अखेर पारपत्रावर व्हिसाचा शिक्का उमटला. पुस्तक ही शिडी होती, आणि शिडीवर कोणी मजेने बसून राहत नाही. गोष्टीचे पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाला घरात एक प्रश्न हमखास विचारला जाई : "हे परीक्षेला आहे का रे?" विचारणारी आई दिवसभर दुसऱ्याच्या शेतात खुरपून आलेली असे. तिचा प्रश्न रास्तच होता. घासलेट मोजून आणलेले असताना कंदिलाच्या उजेडात कोणती पाने उलटायची याचा हिशेब तिने ठेवला नसता, तर आपल्यापैकी कितीजण या सभागृहात बसले असते?

परंतु कंदील जाऊन किती वर्षे झाली! तो प्रश्न मात्र विमानात बसून आपल्याबरोबर आला. येथे त्याने वेश पालटला आहे. "याचा एस.ए.टी.ला उपयोग होईल का?" असे आता तो विचारतो.

या प्रश्नाच्या मुळाशी दारिद्र्य तर आहेच. पण त्याहून खोल आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे फुरसत. गावगाड्याने आपल्या पूर्वजांकडून जमीन, पाणी, मान घेतला हे आपण नेहमी सांगतो. वेळ घेतला हे सहसा सांगत नाही. महार वतनाच्या चाकरीला ना तास ठरलेले होते, ना काम. दिवसा-रात्री केव्हाही सरकारी सांगावा आला की निघायचे, आणि घरधनी नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी त्याच्या जागी जायचे. ज्याचा वेळ स्वतःचा नाही त्याला निवांत वाचन कोठून ठाऊक असणार? फुरसत हे दुसऱ्यांचे वतन होते. म्हणूनच स्वस्थ बसून वाचणाऱ्या आपल्याच मुलाकडे पाहून आजही आपल्या मनात कोठेतरी चुकचुकते.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झाडाझडती घेणाऱ्या त्यांच्या ग्रंथात गांधीवादावर एक प्रकरण आहे. राजकीय वादाचा ग्रंथ म्हणून आपण तो वाचतो आणि त्या प्रकरणातला एक विचार निसटून जातो. बाबासाहेब तेथे म्हणतात की, पशूचे जीवन आणि मनुष्याचे जीवन यांत जो भेद आहे तो संस्कृतीचा, आणि पुरेशी फुरसत असल्याखेरीज सुसंस्कृत जीवन शक्य नाही. यंत्राचा त्यांनी केलेला पुरस्कार याच भूमिकेतून आहे. यंत्राने मनुष्याचे कष्ट हलके करावेत, कशासाठी? तर त्याला मन असलेला प्राणी म्हणून जगता यावे यासाठी. हा विचार त्यांनी कागदावर ठेवला नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना फॅक्टरी कायद्याची दुरुस्ती त्यांनी मांडली आणि १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आठवड्याचे हे सहा तास एखाद्या गिरणी कामगाराने कसे घालवले असतील? काही झोपेत गेले असतील, काही कीर्तनात, काही तमाशात, काही जलशात. आणि वस्तीत कोणी वाचणारा असेल तर 'जनता' पत्राचा अंक ऐकण्यात. आमच्या मते या सर्वच गोष्टी त्या कायद्याच्या उद्देशात बसतात.

आता स्वतः बाबासाहेबांकडे वाचक म्हणून पाहू. त्यांच्या वाचनाची जी चित्रे आपण मुलांपुढे ठेवतो, ती तपश्चर्येची असतात. अठरा-अठरा तास अभ्यास, लंडनमधली उपासमार, रात्र सरली तरी न मिटलेले डोळे. हे सारे खरे आहे. परंतु आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे ऐकून वाचावेसे वाटेल की पळून जावेसे वाटेल, याचा विचार व्हावा. तपश्चर्या करणाऱ्याला त्या गोष्टीची मुळात ओढ होती, हा भाग आपण सांगायचा राहून जातो.

परळच्या डबक चाळीतल्या त्या एका खोलीत भिवाला पुस्तकांचा नाद लागला तो शाळेच्या अभ्यासापलीकडच्या पुस्तकांचा. सुभेदार रामजींजवळ पैसे नसत. ते विवाहित मुलीच्या घरी जात, उसने मागत, आणि तिच्याकडेही पैसे नसले तर तिचा एखादा दागिना घेऊन गहाण ठेवत व पेन्शन हाती आली की सोडवून परत करीत. धनंजय कीरांच्या चरित्रात हा प्रसंग आहे आणि तो आपण पित्याच्या त्यागाची कथा म्हणून सांगतो. तो आहेच. परंतु हट्ट धरणाऱ्या त्या मुलाकडेही पाहावे. दुसरी मुले जसा खाऊचा हट्ट धरतात, तसा हा हट्ट होता. एल्फिन्स्टन हायस्कूल सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची दृष्टी त्याच्यावर गेली. पुढे सत्कारसभेत गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, आणि आपण ते मोठ्या आवडीने वाचले व भारावून गेलो, असे बाबासाहेबांनी १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केले. भेट म्हणून आलेले, कोणत्याही परीक्षेला नसलेले ते पुस्तक! १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेपर्यंत जाणारी वाट जेथून निघते, तेथे एक मुलगा आवडीने वाचत बसलेला आहे.

आणि न्यूयॉर्क? तेथे तर आपण रोज जातो. १९१३ च्या उन्हाळ्यात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा नदीखालून जाणारी आपली ही गाडी धावू लागली होती. आज ज्याला आपण जर्नल स्क्वेअर म्हणतो ते स्थानक १९१२ मध्ये समिट अ‍ॅव्हेन्यू या नावाने सुरू झाले होते. त्या काळी न्यूयॉर्कच्या फोर्थ अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या पुस्तकांच्या दुकानांची एक लांबलचक रांग होती. तिला 'बुक रो' म्हणत. बाबासाहेबांनी तीन वर्षांच्या त्या मुक्कामात जुनी पुस्तके हुडकून हुडकून सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे, स्वतः अर्धपोटी राहायचे, आणि दोन हजार पुस्तके! पदवीसाठी एवढी लागत नाहीत. हे प्रेमच म्हणावे लागेल. पुढे १९१७ मध्ये त्यांचे सामान व ग्रंथ घेऊन येणारी बोट महायुद्धात बुडाली, तरी हा नाद सुटला नाही. दादरला 'राजगृह' उभे राहिले ते मुख्यतः ग्रंथांना घर हवे म्हणून.

कोलंबियाच्या लेहमन ग्रंथालयात १९९५ पासून बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. आपण तेथे मुलांना नेतो, फुले वाहतो, छायाचित्र काढतो. तो पुतळा ग्रंथालयात आहे, ही गोष्ट मात्र छायाचित्रात येत नाही. यापुढे तेथे जाणाऱ्या कुटुंबांना आमची विनंती आहे की, परतताना बाराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, ब्रॉडवेवरच्या 'स्ट्रँड' या दुकानाशी थांबावे. १९२७ मध्ये त्याच फोर्थ अ‍ॅव्हेन्यूवर निघालेले हे दुकान त्या रांगेतून आजवर टिकून आहे. बाहेरच्या गाड्यांवर स्वस्त पुस्तके मांडलेली असतात. मुलाला थोडे डॉलर द्यावेत, आणि त्याने काय निवडले याबद्दल अवाक्षर काढू नये.

वाचनसुखाचा हा वारसा एकट्या बाबासाहेबांपुरता नाही. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मातंग समाजातली विद्यार्थिनी मुक्ता हिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, हे आपणांस ज्ञात आहे. तिच्याविषयी असे सांगितले जाते की, बक्षीस म्हणून खाऊ देऊ करणाऱ्या साहेबाला तिने उत्तर दिले की, आम्हांला खाऊ नको, ग्रंथालय द्या. ही कथा आपण मुलीच्या गांभीर्याचा दाखला म्हणून सांगतो. आम्हांला तीत निराळेच काही दिसते. चौदा वर्षांच्या त्या मुलीने खाऊच्या बदल्यात औषध मागितले नाही. तिने अधिक गोड वस्तू मागितली.

बेबीताई कांबळे यांचे उदाहरण तर आमच्या भगिनींनी विशेष लक्षात घ्यावे. फलटणला त्या किराणा दुकान चालवीत. पुड्या बांधण्यासाठी रद्दी येई. गिऱ्हाईक नसले की बेबीताई ती रद्दी वाचत. त्या रद्दीने वाचनाची गोडी लावली आणि त्या गोडीने त्यांना गावच्या वाचनालयापर्यंत नेले. घरातल्यांच्या भीतीने वाचणे आणि लिहिणे दोन्ही लपूनछपून चाले. वीस वर्षे त्यांनी आपले लिखाण दडवून ठेवले. 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले, त्याच्यामागे ही रद्दी आहे. फाटक्या कागदाच्या तुकड्यावर गोष्ट अर्धी तुटलेली असे, आणि पुढे काय झाले असेल याची चुटपुट लागून राही, असे आम्ही कल्पितो. वाचनाची गोडी लागण्याला याहून चांगला मार्ग नाही.

ज्या देशात आपण राहतो त्या देशातही असाच एक वाचक होऊन गेला. १९२० च्या दशकात मेम्फिस शहरात कृष्णवर्णीयांना सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तके मिळत नसत. रिचर्ड राइट नावाच्या तरुणाने कामावरच्या एका गोऱ्या माणसाचे ग्रंथालयाचे कार्ड मिळवले, आणि या पोऱ्याजवळ अमुक पुस्तके द्यावीत अशी चिठ्ठी जणू त्या गोऱ्यानेच लिहिली आहे अशा थाटात स्वतः लिहून तो खिडकीशी उभा राहिला. स्वतःला तुच्छ दाखवणारी चिठ्ठी स्वतःच्याच हाताने लिहायची, कशासाठी? पुस्तकासाठी! पुढे त्याने कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या वाचल्या. १९४५ च्या 'ब्लॅक बॉय' या आत्मकथेत त्याने हे सविस्तर सांगितले आहे. दया पवारांचे 'बलुतं' ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे पुस्तक परके वाटणार नाही.

आपल्याला अशी चिठ्ठी लिहावी लागत नाही. जर्सी सिटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड येथील रहिवाशाला फुकट मिळते. न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर भाजी, मसाले, तांदूळ घ्यायला आपण दर शनिवार-रविवारी जातो. त्याच रस्त्याने थोडे पुढे गेले की फाइव्ह कॉर्नर्सची शाखा आहे. गाडी लावायला जागा मिळत नाही ही अडचण आम्हांला मान्य आहे. परंतु मिठाईच्या दुकानासाठी ती मिळते! ज्या वर्तमानपत्राच्या नावावरून जर्नल स्क्वेअर हे नाव पडले, तो 'जर्सी जर्नल' १ फेब्रुवारी २०२५ ला शेवटचा अंक काढून बंद झाला. चौकाला नाव राहिले, वाचायचा कागद गेला. असे आपल्या घरांचे होऊ नये. दिवाणखान्यात बाबासाहेबांची प्रतिमा आणि खालच्या फळीवर त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड कोऱ्या पाठींनिशी, अशी घरे आम्ही पाहिली आहेत.

आमच्या मुलांची अडचण आणखी वेगळी आहे. त्यांना शाळेतून रीडिंग लॉग नावाचा तक्ता येतो. रोज वीस मिनिटे वाचायचे, पुस्तकाचे नाव लिहायचे, पालकांनी सही करायची. हेतू चांगला असेल; परंतु घड्याळ लावून केलेले वाचन हे हजेरीपटासारखे होते. एकविसाव्या मिनिटाला पुस्तक धाडकन मिटते. फ्रान्समधील दानिएल पेनाक हे स्वतः शिक्षक होते. १९९२ मध्ये त्यांनी वाचकाचे दहा हक्क सांगणारे एक पुस्तक लिहिले. त्यांत पहिला हक्क न वाचण्याचा आहे. पाने गाळण्याचा, पुस्तक अर्ध्यावर सोडण्याचा, तेच पुस्तक पुन्हा वाचण्याचा, हवे ते वाचण्याचा, असे इतर हक्कही आहेत. हक्कांची भाषा ज्यांनी मोठ्या मोलाने मिळवली त्या आपल्या समाजाला हे हक्क घरातल्या लहान माणसाला द्यायला जड जाऊ नये. मुलगा 'डॉग मॅन' वाचून खदखदा हसत असेल तर हसू द्यावे. दहा वेळा तेच वाचत असेल तर अकराव्यांदा वाचू द्यावे.

येथे काही ज्येष्ठ बांधवांच्या मनात शंका येईल, आणि ती आम्ही टाळणार नाही. गावाकडे अत्याचार थांबलेले नाहीत, येथील कंपन्यांतही जात आपल्या मागे आली आहे, आणि अशा वेळी तुम्ही कथा-कादंबऱ्यांचे सुख घेऊन बसता? शंका गंभीर आहे. परंतु चळवळीच्या वाचनाचे जे होते ते आपण पाहत आलो आहोत. विशी-पंचविशीत अभ्यासमंडळात झपाटल्यासारखे वाचणारा कार्यकर्ता नोकरी लागली, घर झाले की वाचन थांबवतो, कारण त्याचे वाचन कर्तव्य होते आणि कर्तव्यातून मनुष्य निवृत्त होतो. गोडी लागलेला वाचक निवृत्त होत नाही. शिवाय अण्णा भाऊ साठे यांच्याकडे पाहावे. शाळेत जेमतेम पाऊल टाकलेला हा माणूस; मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची भित्तिपत्रके वाचत अक्षरे शिकला असे सांगतात. १९५९ मध्ये त्यांची 'फकिरा' आली आणि ती त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. ती कादंबरी वाचणारा वाचक अत्याचाराविषयीची आकडेवारी वाचत नसतो. त्याला पुढे काय होते हे हवे असते, आणि तेवढ्यात त्याच्या आत काहीतरी पेटलेले असते. रंजन आणि प्रबोधन यांची भिंत अण्णा भाऊंनी कधी मानली नाही. जलशांनीही मानली नव्हती.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि तो खरोखर अवघड आहे. येथे जन्मलेल्या आपल्या बहुतेक मुलांना मराठी समजते, देवनागरी वाचता येत नाही. त्यांना 'जिणं आमुचं' मुळातून कसे मिळावे? या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही, थोडे आहे. दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी चितारलेले 'भीमायन' २०११ मध्ये इंग्रजीत निघाले. ते घरोघरी असावे. आणि दुसरे, मोठ्याने वाचणे. आपल्या वस्त्यांत 'बहिष्कृत भारत' आणि 'जनता' असेच पोहोचले. वाचणारा एक, ऐकणारे अनेक, मध्येच कोणीतरी "पुन्हा वाच" म्हणणारे. निरक्षर असलेल्या त्या श्रोत्यांनाही वाचनाचे सुख लाभले होते. आपल्या मुलांना अक्षर नसले तरी कान आहेत. गावाकडे फोनवर असलेल्या आजीलाही यात घेता येईल. तिला अक्षर नसेल तर नातवाने ऐकवावे, डोळ्यांना दिसत नसेल तर मुलाने.

मंडळाच्या संमतीने एक लहानसा उपक्रम आम्ही येथे जाहीर करतो. पुढील महिन्यापासून प्रत्येक महिन्याच्या अखेरच्या रविवारी, दुपारी दोन ते चार, आळीपाळीने एकेका सभासदाच्या घरी वाचनाची बैठक होईल. तीत हारतुरे नाहीत, प्रास्ताविक नाही, आभारप्रदर्शन नाही, आणि वाचन झाल्यावर मुलांना "काय शिकलास?" असे कोणी विचारायचे नाही. पहिला एक तास ज्याने त्याने आपापले पुस्तक मनात वाचायचे, दुसऱ्या तासात एकाने मराठी पुस्तक मोठ्याने वाचायचे. भारतात जाणाऱ्या सभासदांनी परतीच्या २३ किलोंच्या बॅगेत पाच किलो पुस्तकांसाठी राखून ठेवावेत. लोणच्याच्या बरण्या पुस्तकांपासून दूर बांधाव्यात, ही सूचना भगिनी मंडळाकडून आली आहे. आणलेली पुस्तके एका पेटीत राहतील आणि पेटी घरोघरी फिरेल. नोंदवहीत केवळ पुस्तक कोणाकडे आहे एवढेच लिहावे. पूर्ण वाचले की नाही, हा रकाना त्या वहीत असणार नाही.

पहिल्या बैठकीत 'फकिरा'ची सुरुवातीची प्रकरणे वाचली जातील. ज्यांना वळणदार मराठी वाचण्याचा सराव आहे त्यांनी आपली नावे आज चिटणीसांकडे द्यावीत. देवनागरी न येणाऱ्यांनी ऐकायला यावे. झोप आली तर झोपावे. चहा मंडळाकडून.

जय भीम! जय भारत!